पोर म्हणालं "माझं घर वेगळं होतं", आता काय करायचं?

आमची लेक पावणेतीन वर्षांची होती. स्वयंपाकघरात फरशीवर फतकल मारून बसलेली, हातात लाटणं, समोर खेळून खेळून काळाकुट्ट झालेला कणकेचा गोळा, आणि मधेच म्हणाली, "मी मोठी होते ना, तेव्हा माझ्या घराला लाल दार होतं." मी फोडणीत होते, मी आपलं म्हटलं हो का, मग? तर म्हणे, "मग मी पाण्यात गेले. माझ्या बांगड्या काढल्या." एवढं बोलून परत कणीक थापायला लागली. मागे सासूबाई मेथी निवडत होत्या, त्यांच्या हातातली जुडी तशीच हातात राहिली.

आता आमच्या सासरी असं आहे की सासऱ्यांची एक आत्या तरुणपणीच विहिरीत गेली, पाय घसरून की आपणहून ते कोणी बोलत नाही, विषय निघाला की कोणीतरी चहा टाकायला उठतं. त्यामुळे दुपारी चारला सासूबाईंचा कऱ्हाडला फोन गेला, तिथून मुंबईला, आणि रात्री साडेआठला माझ्या जावेचा मला फोन, "अगं ती म्हणाली ना, की मला विहिरीत ढकललं?"

पोरीने विहीर हा शब्द काढलाच नव्हता. ढकललं तर लांबच राहिलं. सकाळचं "पाणी" होतं, साडेचार तासात त्याची विहीर झाली आणि ढकलणारा पण आला!

मी एका सीएच्या ऑफिसात दिवसभर व्हाउचर तपासते, त्यामुळे असेल, पण मला त्या रात्री पुनर्जन्माचं नाही, या वाढत जाणाऱ्या आकड्याचं टेन्शन आलं. तेव्हापासून वाचत गेले, चुका पण केल्या. बऱ्याच घरात पोरं असं काहीतरी बोलतात आणि घरचे एकतर पायावर लोटांगण घालतात नाहीतर "गप बस, काहीही बोलते" म्हणून दटावतात. दोन्ही नको. त्याऐवजी काय करायचं ते सांगते.

सगळ्यात आधी वही घ्या. फोन नंतर, नातेवाईक त्याच्याही नंतर. शंभर पानी वही चालेल. तारीख, वेळ, पोर काय करत होतं, आधी त्याला कोणी काय विचारलं होतं, समोर कोण कोण होतं, टीव्ही-मोबाईल चालू होता का, आणि मग ते जे बोललं ते जसंच्या तसं, बोबडं बोललं असेल तर बोबडंच. "पाणी" म्हणालं असेल तर पाणीच लिहायचं, तुमच्या मनात विहीर असेल तर ती डाव्या पानावर लिहा, उजवं पान फक्त पोराचं. हे डावं-उजवं माझं स्वतःचं डोकं आहे पण फार कामाचं निघालं, कारण दोन महिन्यांनी वाचताना आपलं आपल्यालाच कळत नाही की कुठलं ती बोलली आणि कुठलं आपण. आणि त्या पानाचा फोटो काढून घराबाहेरच्या एका माणसाला पाठवून ठेवा, ज्याला तुमच्या घरातल्या मेलेल्या माणसांबद्दल काही माहिती नाही. मी ऑफिसातल्या मैत्रिणीला पाठवायचे, ती बिचारी अंगठा दाखवायची. व्हॉट्सअॅपवर तारीख-वेळ आपोआप पडते, नंतर कोणी म्हणू शकत नाही की तू आठवून लिहिलंस.

एवढा आटापिटा कशाला? तर या विषयावर जगात सगळ्यात जास्त काम केलेला माणूस म्हणजे इयन स्टीव्हन्सन, अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात मानसोपचार विभागाचा प्रमुख होता. 1961 मध्ये पहिल्यांदा भारतात आला आणि मग पुढची कित्येक वर्षं येत राहिला, जगभरातून अडीच हजारांच्या आसपास केसेस गोळा झाल्या. त्याला पैसे कोण देत होतं माहितीये? चेस्टर कार्लसन, म्हणजे ज्याच्या शोधातून झेरॉक्सचं मशीन आलं तो! 1968 मध्ये वारला तेव्हा या कामासाठी दहा लाख डॉलर ठेवून गेला. तर एवढ्या सगळ्या केसेसपैकी, पोराचं बोलणं दोन्ही घरांची गाठ पडायच्या आधी कागदावर उतरलंय अशा फारच थोड्या. बहुतेक वेळा संशोधक पोचेपर्यंत दोन्ही घरं भेटलेली, रडून झालेलं, जेवणावळी झालेल्या, आणि कोण आधी काय बोललं त्याची खिचडी. स्टीव्हन्सन स्वतः पण "पुरावा" म्हणायचा नाही, पुनर्जन्म "सुचवणाऱ्या" केसेस म्हणायचा, हे मला आवडलं.

दिल्लीच्या शांतीदेवीची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच, आमच्या शाळेतल्या बाई ऑफ तासाला सांगायच्या. 1926 चा जन्म, चारेक वर्षांची असल्यापासून सांगायची की माझं घर मथुरेला, माझा नवरा तिथे, मी बाळंतपणात गेले. मथुरेची लुगडी देवी 1925 मध्ये बाळंतपणातच गेली होती, नवरा केदारनाथ चौबे. प्रकरण गांधीजींपर्यंत गेलं, पंधरा जणांची समिती नेमली, 1935 च्या नोव्हेंबरात तिला आगगाडीने मथुरेला नेलं, 1936 ला अहवाल आला आणि तो तिच्या बाजूने आला. त्यात एक गोष्ट मला फार भारी वाटते. ती म्हणाली घरात अमुक जागी मी पैसे पुरलेत, उकरलं तर भांडं रिकामं, आणि मग केदारनाथ म्हणाला की ते मीच काढून घेतले. ऐकताना काटा येतो. पण व्हाउचर तपासणारीचं डोकं म्हणतं, थांब. समिती मथुरेला जायच्या आधी केदारनाथला पत्र गेलं होतं, त्याचा भाऊबंद येऊन गेला होता, मग तो स्वतः दिल्लीला येऊन तिला भेटून गेला होता, पेपरात छापून आलं होतं. म्हणजे खरं-खोटं काहीही असो, ते वेगळं काढायची वेळ निघून गेली होती. नऊ वर्षांच्या पोरीचं चार वर्षांपासूनचं बोलणं कोणी त्याच दिवशी लिहून ठेवलं असतं तर आज आपण वेगळ्या जागी उभे असतो.

तर वही. हे एकच केलंत आणि बाकीचं सगळं सोडून दिलंत तरी चालेल.

दुसरं, प्रश्न विचारायचे नाहीत. हे फार अवघड आहे, विशेषतः घरात आजी, आत्या, मावशी असतील तर. "विहीर होती का गं तिथे?" असं विचारलं की संपलं, कारण तीन वर्षांच्या पोराला मोठ्यांनी मान डोलवावी असं वाटत असतं, ते हो म्हणणारच, आणि पुढच्या वेळी आपणहून विहीर सांगणार. परवानगी फक्त तीन शब्दांची. "हं." "बरं." "मग?" बस. तेसुद्धा हातातलं काम करता करता, तोंडाकडे टक लावून बघत नाही.

फोटो ओळखायला लावणं तर अजिबातच नको. आमच्याकडे झालं ते सांगते. सासूबाईंनी ट्रंकेतून जुना फोटो काढला, लग्नाचा, वीस-बावीस बायका, कडेला ती आत्या. पोरीला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "सांग बाळा, यातली तू कोणती?" लेक फोटोकडे बघतच नव्हती. ती आजीच्या तोंडाकडे बघत होती. बोट फोटोवर फिरवत नेलं, फिरवत नेलं, आणि कडेला आल्यावर आजीचा श्वास अडकला तिथे बोट थांबलं. मी समोर उभी होते, मला स्पष्ट दिसलं. पण मी वही आणायला आत गेले तेवढ्यात "ओळखलं! ओळखलं!" करून सासूबाई रडायला लागल्या होत्या, आता त्यांना काय सांगणार? मी उजव्या पानावर लिहिलं, "बोट थांबलं, आधी आईंचा श्वास थांबला." आजही ते वाक्य वाचलं की मला जरा वाईट वाटतं, कारण आई खोटं नव्हत्या करत.

मग येतं मूळ शोधणं, म्हणजे हे पोराच्या डोक्यात आलं कुठून. इथे घाई करू नका, दोन-तीन आठवडे द्या. सगळ्यात आधी पोरांची भाषा समजून घ्या. त्यांचं "काल" म्हणजे मागचं काहीही, गेल्या दिवाळीचं पण काल. आणि "मी मोठी होते तेव्हा" हे तर बहुतेक पोरं बोलतात, कारण लहान-मोठं होणं एकाच दिशेने जातं हे त्यांना कळायला वेळ लागतो. शेजारचा मुलगा त्याच्या आईला म्हणाला होता, "तू लहान होशील ना, तेव्हा मी तुला मांडीवर घेईन." मग आता तो भविष्यवेत्ता का?

मोबाईलची हिस्टरी बघा. हल्ली चुलीवरच्या स्वयंपाकाचे, खेड्यातल्या घरांचे इतके व्हिडिओ असतात की शहरातलं पोर चूल फुंकायची नक्कल करेल आणि तुम्ही म्हणाल हिने तर चूल पाहिलीच नाही. घरात कामाला येणाऱ्या मावशी, पाळणाघर, गावाकडचे फोन स्पीकरवर ठेवून बोलण्याची सवय, हे सगळं तपासा. पोरं खेळतात तेव्हा ऐकत नाहीत असं आपल्याला वाटतं.

आमचं लाल दार मला सतराव्या दिवशी सापडलं. आम्ही आधीच्या भाड्याच्या फ्लॅटमधून निघालो तेव्हा ती सव्वा वर्षाची होती. त्या फ्लॅटला बाहेरून ग्रिलचं सेफ्टी डोअर होतं, त्याला मालकाने लाल ऑइलपेंट मारलेला. मी विसरूनच गेले होते. फोनमधले जुने फोटो चाळताना एकात ती वॉकरमध्ये आणि मागे ते दार, आणि तो फोटो ती रोज बघायची, अहो तिला जेवताना तेच फोटो दाखवायचे. म्हणजे "माझं घर" हे खरोखर तिचंच घर होतं, याच जन्मातलं. मी नवऱ्याला फोटो दाखवला तर हे म्हणाले, "आईला सांगू नकोस लगेच." नाही सांगितलं, आठवडाभर.

आता जरा हिशोब. जे बोललं गेलं त्यातलं किती कोणालाही लागू पडेल ते बघा. लाल दार, पाणी, झाड, गाय, "माझी दुसरी आई", याला शून्य मार्क. विहिरीत गेलेलं माणूस कुठल्या घरात नाही सांगा? नळ यायच्या आधी सगळा महाराष्ट्र विहिरीवर होता, चार पिढ्या मागे गेलात तर एक तरी सापडतंच. पडून, आजारपणात, बाळंतपणात, सापाने, हे सगळे मृत्यू धरले तर जुळवायला काहीच उरत नाही. मार्क द्यायचे ते गावाचं नाव, माणसाचं नाव, न विचारता सांगितलेली विचित्र बारीक गोष्ट, अशांना. आणि चुकलेलं पण मोजायचं! हे कोणी करत नाही. पोर दहा गोष्टी बोललं, दोन जुळल्या, तर आठ कुठे गेल्या? माझ्या वहीत एक नोंद आहे, "मी मोठी होते तेव्हा मी हत्ती होते." ती नोंद कोणत्याच नातेवाईकाने पुढे पाठवली नाही.

जन्मखुणांचं पण तसंच. स्टीव्हन्सनने 1997 मध्ये दोनशेच्यावर अशा केसेसचे दोन जाडजूड खंड काढले, मेलेल्याला जखम जिथे तिथे पोराला खूण, आणि त्यातल्या काही वाचून मी पण गप्प झाले. थायलंड-म्यानमारकडे तर मेलेल्याच्या अंगावर काजळी लावून ठेवायची पद्धत आहे, पुढच्या जन्मी ओळखता यावं म्हणून. पण बाळाच्या पाठीवर, ढुंगणावर निळसर काळे डाग दिसले म्हणून "मागच्या जन्मी मार खाल्लाय" असं म्हणू नका, आपल्याकडच्या खूप बाळांना ते असतात आणि काही वर्षांत आपोआप फिके होतात.

एवढं करूनही खरंच नाव-गाव असं काही निघालं आणि जाऊन बघावंसं वाटलं, तर पोराला नेऊ नका. आधी तुमच्यातलं कोणी नाही, बाहेरचा एक माणूस पाठवा, त्याने तिथली माहिती वेगळ्या कागदावर लिहून आणायची, तुमची वही न वाचता. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. जुळलं तर जुळलं. ज्या घरात माणूस गेलंय तिथे अचानक जाऊन "तुमची मुलगी आमच्याकडे आलीये" म्हणणं म्हणजे काय असतं याचा एकदा विचार करा.

आता मोठ्यांचं. बऱ्याच जणांना स्वतःचाच मागचा जन्म बघायचा असतो, आणि त्यासाठी संमोहनवाले बसलेत दुकान टाकून. माझं स्पष्ट मत, पैसे जास्त झाले असतील तर जा, पण जे दिसेल त्याला आठवण म्हणू नका. 1952 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये व्हर्जिनिया टाय नावाच्या बाईला संमोहनात नेलं, ती आयर्लंडच्या उच्चारात बोलायला लागली, माझं नाव ब्रायडी मर्फी, मी एकोणिसाव्या शतकातली. 1956 ला पुस्तक आलं, धुमाकूळ झाला. मग शिकागोच्या एका पेपरने शोधलं तर टायबाई लहानपणी राहायच्या त्याच्या समोरच एक आयरिश बाई राहायची, माहेरचं आडनाव मर्फी, नाव ब्रायडी! म्हणजे बाई खोटं बोलत नव्हत्या. ऐकलेलं होतं, कुठे ऐकलं ते विसरलेलं होतं. आणि निकोलस स्पॅनोस नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केले, त्यात लोकांना आधी जशी हिंट दिली तसे मागचे जन्म निघाले, आणि त्या काळातल्या गोष्टी विचारल्या की चुकायचे. मनाला गोष्ट रचायला सांगितली की ते रचतं, त्याचा तो धंदाच आहे.

आणि एक, बाया-मुलींनो हे नीट वाचा. कोणी बाबा-महाराज म्हणाला की "तू मागच्या जन्मी माझी बायको होतीस" तर तिथून उठा. महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या यादीत हे चक्क लिहिलेलं आहे, की भक्त ही मागच्या जन्मीची पत्नी, पती वा प्रेयसी होती असं सांगून लैंगिक संबंध ठेवणं हा गुन्हा. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार दंड. कायद्यात लिहावं लागलं म्हणजे किती ठिकाणी झालं असेल बघा. ऋणानुबंध वगैरे गोड शब्द असतातच बरोबर.

पण मला कोणी म्हणालं की मग सगळं थोतांडच ना, तर मी नागपूरकडे बोट दाखवते. 1974 मध्ये नागपूर विद्यापीठात शिकवणारी एक मराठी बाई, वय तिशीच्या पुढे, अचानक बंगाली बोलायला लागली, बंगाली पद्धतीने साडी नेसायला लागली, मराठी कळेना, घरातल्या आधुनिक वस्तू ओळखू येईनात. म्हणे मी शारदा, मला साप चावला. दिवसेंदिवस, कधी आठवडे ही शारदा राहायची, मग जायची, आणि मधलं बाईंना आठवायचं नाही. तिने सांगितलेल्या बापा-आजाच्या नावांशी जुळणारी बंगालमधल्या एका चट्टोपाध्याय घराण्याची वंशावळ सापडली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. शारदा मात्र त्यात नाही, कारण त्यात पुरुषच आहेत, बायकांची नावं लिहायची पद्धतच नव्हती! म्हणजे जिला शोधायचं तीच कागदावर नाही. स्टीव्हन्सन आणि बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतल्या सतवंत पसरिचा यांनी यावर खूप काम केलं. उलट बाजूला सारा थॉमसन नावाच्या भाषाशास्त्रज्ञ बाईने दाखवलं की बाईंना आधीपासून बंगालची ओढ होती, बंगाली वाचायचे थोडे धडे घेतलेले, संस्कृत येत होतं. मला स्वतःला दोन्ही बाजू वाचून झोप आली नाही. चार धड्यांवर कोणी आठवडाभर बंगाली बोलून दाखवा. पण संस्कृत, ओढ आणि एक दबलेलं मन एकत्र आलं तर काय होतं हे तरी कोणाला पूर्ण माहितीये? आमच्या ऑफिसच्या भाषेत याला "क्वेरी ओपन" म्हणतात. ओपन ठेवायला शिका, हा पण या कामाचा भागच आहे.

बरं, आता जो प्रश्न मला वहीच्या विसाव्या पानावर पडला तो. समजा खरंच आत्याच परत आली. म्हणजे नक्की काय परत आलं? लेकीला लाटणं धरायला आवडतं, आत्याला स्वयंपाकाचा कंटाळा होता म्हणे. तोंडावळा आमच्या भावाचा. आठवण म्हणावी तर तीन वाक्यं. उरलं काय?

हे घरबसल्या करून बघता येतं. शांत बसा आणि स्वतःचा तिसरा वाढदिवस आठवा. फोटोतला नाही, खरा. येत नाही ना? बहुतेकांना तीन-साडेतीनच्या आधीचं काही आठवत नाही. म्हणजे ती दोन वर्षांची तुम्ही आणि आजची तुम्ही यांच्यात आठवणीचा एक धागा नाही, शरीर बदललंय, आवड बदललीये, आणि तरी तुम्ही ठामपणे म्हणता ती मीच. मग मागच्या जन्माचं आठवत नाही म्हणून "ती मी नव्हे" हे कसं? आणि आठवलं म्हणून "ती मीच" हे तरी कसं? मी हे एका रविवारी दुपारी केलं आणि चहा उतू गेला.

आपल्याकडे यावर भांडणं जुनी आहेत. गीतेतलं जुनं वस्त्र टाकून नवं घालण्याचं आपल्याला तेराव्याला ऐकून पाठ झालेलं असतं, म्हणजे कपडे बदलतात, घालणारा तोच. नागसेन भिक्खू आणि मिलिंद राजाचा संवाद आहे त्यात उलट. राजा विचारतो, जो जन्मतो तो तोच की दुसरा? नागसेन म्हणतो, रात्रभर दिवा जळला तर पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? नाही. मग वेगळे दिवे होते का? तसंही नाही. तोही नाही, दुसराही नाही. कपडेच कपडे, आत घालणारा कोणी नाही असं समजा! चार्वाकवाले तर सरळ म्हणायचे, जळून राख झालेला देह परत येतो कुठून. आणि नागपूरलाच 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यातली एक आहे, माझा पुनर्जन्म होत आहे असं मी मानतो. आत्मा न मानणाऱ्या माणसाने दिलेली! तिथे मरायची गरज नाही, त्या मैदानावर लाखो माणसं उभ्या उभ्या जन्माला आली. माझी ऑफिसातली मैत्रीण, तीच अंगठा दाखवणारी, तिचे आजोबा तिथे होते. ती म्हणते आमच्याकडे मागचा जन्म म्हणजे 1956 च्या आधीचं, आणि तो आजोबांना चांगलाच आठवायचा.

योगसूत्रांत तर पद्धतच दिलीये, की अपरिग्रह पक्का झाला की जन्म कसा-का याचं ज्ञान होतं. म्हणजे साठवणं सोडा, मागचे जन्म दिसतील. माझ्या माळ्यावर तीन कुकर आणि मुलीचा वॉकर अजून आहे, त्यामुळे माझा नंबर इतक्यात नाही.

परत पोराकडे येते, कारण शेवटी तेच महत्त्वाचं. पोर बोलत असेल आणि खेळत-खात-झोपत असेल तर काही करू नका, नुसतं लिहा. त्याला पाहुण्यांसमोर बोलतं करू नका, "देवीचा अंश" करू नका, आणि खोटारडं पण म्हणू नका. पण रात्री दचकून उठत असेल, पाण्याला-आगीला अति घाबरत असेल, "मला माझ्या घरी न्या" म्हणून रोज रडत असेल, तर बालरोगतज्ज्ञाला दाखवा, ते पुढे मानसतज्ज्ञाकडे पाठवतील. तेव्हा वही घेऊन जा, डॉक्टरला त्याचा उपयोग होतो. आणि हो, कधीकधी पोर असं बोलतं कारण घरात काहीतरी बिनसलंय, तेही एकदा बघा. स्टीव्हन्सनच्या केसेसमध्ये पण पोरं साधारण दोन ते चारमध्ये बोलायला लागतात आणि पाच ते आठच्या दरम्यान आपोआप थांबतात. म्हणजे लिहायला तुमच्याकडे तीन-चार वर्षं आहेत, घाई नाही.

आमची आता साडेसहाची आहे. मागच्या उन्हाळ्यात सासूबाईंनी हळूच विचारलं, "बाळा, तुझ्या बांगड्या कोणी काढल्या होत्या गं?" तर म्हणाली, "कुठल्या बांगड्या? मी कडं घालते." लाल दाराचा फोटो आईंना दाखवून झालाय, त्यांनी बघितला, चष्मा लावून परत बघितला, आणि म्हणाल्या, "दाराचं ठीक आहे." पाण्याचं मी पोहण्याच्या टबपासून घाटापर्यंत सगळं लावून बघितलं, लागतं पण आणि नाही पण. बांगड्यांचं काहीच सापडलं नाही. उजव्या पानावर ती ओळ तशीच आहे, डावं पान कोरं.

गावाला गेलो की सासूबाई अजून तिला विहिरीकडे फिरकू देत नाहीत, हाताला धरून लांबून नेतात. मी काही बोलत नाही. त्या विहिरीला कठडा नाहीये.